पावती दिल्याने घर जात नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी सकाळी आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, एक टेम्पो येऊन लागला. श्रावणाची सर नुकतीच ओसरली होती. गाद्यांवर निळे प्लास्टिक, कपाट आडवे घातलेले, शेगडी पोत्यात, आणि त्या घरची बाई दारात कुकर धरून उभी. फडक्यात धरला होता, त्यावरून कळले की कुकर अजून गरम आहे. डाळ चुलीवर असतानाच भांडण पेटले असणार. तिचा नवरा आणि घरमालक अंगणात एकमेकांवर ओरडत होते. विषय १८,००० रुपयांच्या डिपॉझिटचा, आणि त्यातही बेसिनला गेलेल्या एका तड्याचा. मालक म्हणत होता, "तडा तुम्ही पाडलात." तो म्हणत होता, "आम्ही राहायला आलो तेव्हाच होता."

तीन वर्षे ही माणसे एका आवारात राहिली. मालकाच्या आईला मध्यरात्री धाप लागली तेव्हा याच माणसाने आपल्या पिकअपमधून तिला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेले. चवथीला मालकाच्या घरी माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची छत, बांधायची, तर रानातली फळे हाच शोधून आणायचा. आणि आता एका तड्यापायी दोघे एकमेकांच्या आईबापापर्यंत पोहोचले होते. आम्ही शेजारी आपापल्या दारात उभे. मीही उभी होते. मध्ये पडावेसे वाटत होते, पण बोलणार काय? तो तडा केव्हाचा, हे सांगणारा एक चिठोरासुद्धा दोघांपैकी कोणाकडे नव्हता.

मला वाटते, दोघेही खोटे बोलत नव्हते. मालकाने खोली दाखवली तेव्हा बेसिनकडे पाहिलेच नसेल, आणि भाडेकरूने पाहूनही तेव्हा सांगितले नसेल, कारण नव्या जागेत पहिल्याच दिवशी खोट काढणारा भाडेकरू कोणाला आवडतो? त्या दिवशी दोघांना संकोच वाटला, आणि त्याची किंमत तीन वर्षांनी अख्ख्या वाड्यासमोर मोजावी लागली. टेम्पो गेल्यापासून मनातून हा विषय जाईना, म्हणून हे पत्र.

मी गोव्यातल्या सरकारी प्राथमिक शाळांत ३५ वर्षे शिकवले. १९८२ साली लागले, २०१७ मध्ये निवृत्त झाले. नोकरी बदलीची. सत्तरी, सांगे, डिचोली आणि एक शहर, असे मिळून १४ वर्षे मी दुसऱ्यांच्या खोल्यांत संसार केला. पुढे फोंड्यात घर झाले, आणि गेली १२ वर्षे मागच्या बाजूच्या दोन खोल्या व स्वयंपाकघर मी भाड्याने देते. त्यामुळे पावती मागतानाचा संकोच मला माहीत आहे आणि पावती देतानाची धाकधूकही.

१९८४ च्या जूनमध्ये माझी बदली सत्तरीतल्या एका गावात झाली. वाळपईहून पुढे बस, आणि बस जिथे थांबायची तिथून पाऊण तास चाल. गावातल्या एका आजींनी आपल्या घराची एक खोली मला दिली. सारवलेली जमीन, वर नळे म्हणजे कौले, दाराबाहेर विहीर. भाडे ६० रुपये. मी पोहोचले त्या संध्याकाळी वीज गेली होती. आजी कंदील घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुझी वही काढ." त्यांना अक्षर येत नव्हते. त्या कंदील धरून खोलीभर फिरू लागल्या आणि मला एकेक गोष्ट लिहायला लावू लागल्या. खिडक्या दोन, एकीचा गज सैल. खुंट्या चार, त्यांतली एक मोडकी. पाट दोन. तांब्याची घागर एक, बुडाशी पोचा. मागच्या दाराची कडी नीट लागत नाही. मग बोलण्याचे मुद्दे: भाडे महिन्याच्या पाच तारखेला, विहिरीचे पाणी हवे तेवढे, नुस्ते, म्हणजे मासे, शिजवायला हरकत नाही पण त्यांच्या देवकार्याच्या दिवशी नको, आणि पाहुणा आला तर आधी सांगायचे. हे सगळे त्यांनी माझ्याकडून दोनदा लिहून घेतले. शाळेच्या शिक्क्याची शाई माझ्याजवळ होती, तिच्यात अंगठा बुडवून त्यांनी दोन्ही कागदांवर उमटवला. एक मला दिला. दुसरा पत्र्याच्या डबीत घालून भाताच्या कणगीत ठेवला.

मी तेव्हा पंचविशीतली. मनातून फार दुखावले. शिक्षिकेवर हिचा एवढा अविश्वास! काही दिवसांनी धीर करून विचारले तेव्हा म्हणाल्या, "तू बरी बाई दिसलीस म्हणून लिहिलं. वाईट माणसाशी भांडून घेता येतं, बऱ्या माणसाशी भांडायचं कसं?"

चार वर्षे मी तिथे राहिले. तापात त्यांनी मला पेज भरवली. त्यांच्या नातवाला मी पाढे शिकवले. बदलीचा कागद आला तेव्हा मला वाटले, आता कसली मोजणी नि कसले काय. पण निघायच्या आदल्या दिवशी आजींनी कणगीतून डबी काढली आणि मला सगळे मोठ्याने वाचायला लावले. खिडक्या दोन. खुंट्या चार, मोडकी एक. घागरीपाशी आल्यावर त्यांनी बुडाखाली हात फिरवला, पोचा चाचपला आणि म्हणाल्या, "होय, हा होता." मोजणी पुरी झाली, कागद त्यांनी माझ्या हातात दिला, आणि मगच त्या रडायला लागल्या. दुसऱ्या दिवशी सोलांची पुरचुंडी घेऊन बसपर्यंत पोहोचवायला आल्या. त्या वयात, पाऊण तास चालून.

त्यानंतरची बदली शहरातली. शहराचे नाव देत नाही, घरमालकांचेही नाही. शिकलेले, मानाचे गृहस्थ. आमचे तेव्हा नवे लग्न, वर्षभराने मुलगा झाला. पहिल्या महिन्याचे भाडे दिले आणि यजमानांनी पावती मागितली, तर घरमालक हसून म्हणाले, "कागद नाका. कागद केल्यार घर वता." म्हणजे कागद नको, कागद केला तर घर जाते. पावती नाही म्हणून घरभाडे भत्त्यावरची आयकराची सूट मला कधी घेता आली नाही. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून गॅसची नोंदणी सासरच्या पत्त्यावर, आणि सिलिंडर तिथून बसने आणायचा. दर ११ महिन्यांनी पंधरा दिवस खोली रिकामी करायची, अशी त्यांची अट होती, म्हणजे सलग राहिलो असे कोणी म्हणायला नको. एका वर्षी ते पंधरा दिवस नेमके मुलाच्या तापात आले. कपाट शेजाऱ्यांच्या सोप्यात ठेवले आणि आम्ही नणंदेकडे माशेलला गेलो. हेच गृहस्थ उन्हाळ्यात आपल्या झाडाचे मानकुराद आंबे टोपली भरून आमच्या दारात ठेवायचे. माणूस मनाने वाईट मुळीच नव्हता. पण आमच्याकडे पाहताना त्यांना रोज आपले घर हातातून निसटताना दिसायचे. अशा नजरेखाली सहा वर्षे राहणे काय असते, ते मी विसरलेले नाही.

ही भीती आली कुठून, ते गोव्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. १९६४ मध्ये कूळ कायदा आला, १९७६ च्या दुरुस्तीने कसणारे कूळ जमिनीचे मालक झाले. १९७५ मध्ये मुंडकार कायदा आला. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, भाटात झोपडी बांधून राहणाऱ्या मुंडकाराला तिथून उठवणे बंद झाले, आणि पुढे राहते घर विकत घेण्याचा हक्कही मिळाला. त्याआधी १९६८ मध्ये घरभाडे नियंत्रणाचा कायदा झाला होताच. अनेक घरांत तेव्हापासून एकच बोल कानावर पडत आला आहे: खोली द्यायची नाही, दिली तर लिहून द्यायचे नाही.

इथे मला माझ्या घरचे सांगितले पाहिजे. माझे वडील मुंडकार होते. भाटकाराच्या माडांचे पाडे झाले, म्हणजे नारळ उतरवले, की नारळ वाहायला आमच्या घरातून माणूस गेलाच पाहिजे, नाही गेला तर संध्याकाळी निरोप यायचा, "घर खाली करा." मामलेदार कचेरीत मुंडकार म्हणून नाव लागले त्या दिवशी वडिलांनी तो कागद देवाच्या तसबिरीमागे ठेवला, आणि आई त्या रात्री जेवलीच नाही, नुसती अंगणात बसून राहिली. त्या कायद्याने आम्हाला पाय टेकायला भुई दिली. म्हणून त्याच्या नावाने बोटे मोडणारे कोणी भेटले की मला त्रास होतो. पण त्याच कायद्याची धास्ती घेऊन आज कोणी नर्सला किंवा ड्रायव्हरला पावती नाकारतो, तेव्हा त्याहून जास्त त्रास होतो, कारण ती धास्ती अर्धवट माहितीवर उभी आहे.

मुंडकार कोण, हे कायद्यात लिहिलेले आहे, आणि मुंडकार कोण नाही हेही त्यातच लिहिले आहे. घरात राहण्याबद्दल भाटकाराला भाडे देणारा माणूस मुंडकार नाही, असे तिथे स्वच्छ म्हटले आहे. मी स्वतः खोल्या द्यायला लागले तेव्हा फोंड्यातल्या एका वकिलांनी मला ते कलम उघडून दाखवले. मी दोनदा वाचले. म्हणजे ज्या पावतीला घरमालक घाबरतो, तीच पावती सांगते की हा माणूस भाडेकरू आहे, मुंडकार नव्हे. पावती न देता, करार न करता, नुसता तोंडी व्यवहार ठेवून मालक आपल्याच हाताने स्वतःचा पुरावा पुसून टाकतो. माझ्या त्या शहरातल्या मालकांना हे कोणी वेळेवर सांगितले असते तर!

भाडेकरूला हक्कच नसतात, असे मात्र कोणी यातून समजू नये. १९६८ च्या कायद्याप्रमाणे मालकाच्या मनात आले म्हणून कोणाला घराबाहेर काढता येत नाही, त्याला कायद्यातली कारणे लागतात. पणजी-मडगावच्या जुन्या इमारतींत नाममात्र भाड्यावर पिढ्या गेल्या, आणि त्या भाड्यात छपराचे वासेही बदलता येत नाहीत अशी मालकांची तक्रार आहे. तीही खरी आहे. आणि ते ११ महिने! लोकांना वाटते ११ महिने झाले की भाडेकरूने उठायचेच. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, तो खर्च आणि खेप टाळायची म्हणून ११ महिन्यांची चाल पडली. माणूस बरा असेल तर तोच करार पुन्हा करायला काहीच आड येत नाही. कपाट शेजाऱ्यांकडे ठेवायला लावू नका.

आता माझी चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय हे पत्र लिहिण्याचा मला अधिकार नाही.

आमच्या मागच्या खोल्यांवर अजून नळे आहेत. २०१५ मध्ये तिथे बेळगावकडचे एक कुटुंब राहत होते. तो कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत ड्रायव्हर, ती घरीच शिवणकाम करायची, मुलगी नुकतीच दहावी झालेली. मे महिन्यात एका दुपारी ती मला म्हणाली, "काकी, मागच्या कोपऱ्यात नळा सरकलाय, तिथून उजेड दिसतो." मी म्हटले, बघते. मे महिन्यात नळे परतणारा गडी मिळायला किती वणवण करावी लागते ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात भावाकडे लग्न. मी एकदा एकाला निरोप धाडला, तो आला नाही, आणि मग मी विसरले. खरे तर विसरलेही नव्हते, पुढे ढकलले. माझ्या स्वतःच्या खोलीवरचा नळा सरकला असता तर मी तो दुसऱ्याच दिवशी बसवून घेतला असता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रात्रभर पाऊस कोसळला. त्या कोपऱ्यात त्यांची पत्र्याची पेटी होती. पेटीत मुलीच्या वह्या, दाखले आणि दहावीची गुणपत्रिका. सकाळी मी गेले तेव्हा ती बाई एकेक कागद शिवणाच्या मशीनवर पसरून वर जुन्या साडीचा तुकडा दाबत होती. शाई पसरून आकडे निळ्या डागांत गेले होते. मुलगी कोपऱ्यात गप्प. कोणी मला एक शब्द बोलले नाही. मीही बोलले नाही, लाजेने. त्याच दिवशी दुप्पट पैसे देऊन गडी आणला, नळा बसवला, आणि मनात म्हटले, झाले, मिटले.

पण त्या दिवसापासून ती मला काकी म्हणेनाशी झाली. "मालकीणबाई" म्हणू लागली. भाडे पहिल्या तारखेला दाराच्या फटीतून पाकिटात यायचे. सणावाराला येणारी होळगी, म्हणजे पुरणपोळी, यायची बंद झाली. नोव्हेंबरात त्यांनी जागा सोडली. पुष्कळ दिवस मी स्वतःची समजूत घालत राहिले की त्यांना कंपनीजवळ घर हवे होते. शेवटी एके दिवशी उसगावला त्यांच्या नव्या खोलीवर गेले. गुणपत्रिकेची दुसरी प्रत काढायला जो खर्च आणि खेपा झाल्या असतील त्याचे पैसे पुढे केले. तिने चहा केला, पैसे घेतले नाहीत. एवढेच म्हणाली, "तेव्हा विचारलं असतंत तर बरं वाटलं असतं."

त्यानंतर आमच्या घरी एक रिवाज ठरला. एप्रिलच्या मध्यावर मी आणि जे कोणी भाडेकरू असतील ते मिळून खोल्या बघतो. नळे, पन्हळ, भिंतीची ओल, वायरिंग. भाडेकरूने सांगायचे, मी वहीत लिहायचे, आणि समोर गड्याची तारीख घालायची. कोणी कशाचा खर्च करायचा हे करारातच आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने आदर्श भाडेकरार कायद्याचा नमुना राज्यांपुढे ठेवला. राज्याने स्वीकारला तरच तो लागू होतो, पण त्यातली एक यादी मला अतिशय उपयोगी वाटली आणि मी ती माझ्या करारात उतरवून घेतली. इमारतीची डागडुजी, पाइप, वायरिंग, भिंतींचा चुना आणि दारे-खिडक्यांचा रंग मालकाकडे. नळाचे वायसर, बटणे, कुलपे, खिडकीच्या काचा, डासांची जाळी भाडेकरूकडे. चुना मालकाकडे आहे, हे जरा लक्षात घ्या. आमच्याकडे डिपॉझिट कापले जाते ते बहुतेक वेळा याच चुन्याच्या नावाखाली. राहत्या घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको, असेही त्या नमुन्यात आहे. मी दीड महिन्याचे घेते आणि सोडताना, खोल्या पाहून झाल्यावर, त्याच दिवशी परत करते. भाडेकरूला पुढच्या जागेचे डिपॉझिट त्यातूनच भरायचे असते, ते महिनाभर अडवून ठेवणे मला पटत नाही.

त्याच नमुन्यात आणखी एक गोष्ट आहे. मालकाला खोलीत जायचे असेल तर किमान २४ तास आधी कळवायचे. हे वाचून आमच्या शेजारीणबाई म्हणाल्या, "आमच्याच घरात जायला आम्ही परवानगी मागायची?" मी त्यांना सांगेचा अनुभव सांगितला. तिथे मी शाळेतून आले की भांड्यांची जागा बदललेली असायची. घरमालकीण दुपारी किल्लीने उघडून स्वच्छता आहे की नाही ते बघून जायची. काही नेले नाही, काही मोडले नाही, पण त्या खोलीत मला कधी निर्धास्त झोप लागली नाही. माझ्या खोल्यांची दुसरी किल्ली माझ्याकडे आहे. ती पाकिटात घालून, वर भाडेकरूची सही घेऊन बंद केली आहे. सध्याच्या भाडेकरूंच्या काळात ते पाकीट एकदा फुटले. गॅसचा वास येत होता तेव्हा, आणि तेही फोन करून.

विजेच्या बिलाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण महिन्याच्या महिन्याला कुरबूर होते ती इथेच. पुष्कळ घरांत मीटर एकच असतो आणि भाडेकरूला सबमीटर. युनिट वाढत गेले की दर चढत जातो, हे सर्वांना माहीत आहे. दोन घरांचे युनिट एका मीटरवर आले की बिल वरच्या दरात जाते. मग मालक काय करतो? आपले युनिट खालच्या दराने धरतो आणि भाडेकरूच्या युनिटना वरचा दर लावतो. असे करणारे मी पाहिले आहेत. माझी पद्धत सोपी आहे. समजा एकूण ४०० युनिट आले आणि सबमीटरवर १०० दिसले, तर त्यांनी एकूण बिलाचा चौथा हिस्सा द्यायचा. बिल मी त्यांच्या हातात देते, आकडा त्यांनीच काढायचा. दोघांचे सबमीटरचे वाचन पहिल्या तारखेला एकत्र. एकदा माझीच बेरीज चुकली होती, ती भाडेकरूने दाखवली, पुढच्या महिन्यात वळती केली. बिल दडवले असते तर ती चूक त्यांना लबाडी वाटली असती.

भाडेकरूंनाही दोन शब्द सांगायचे आहेत, कारण चुका एकाच बाजूने होत नाहीत. भाडे उशिरा होणार असेल तर तारखेच्या आधी सांगा. पाच तारीख उलटून गेल्यावर फोन उचलायचा बंद करणे, हे मालकाच्या मनात विष कालवते. माझ्याकडे इंजिनिअरिंगची तीन मुले राहत होती, फर्मागुढीला शिकायची. त्यांतला एक दर महिन्याला तीन तारखेला येऊन सांगायचा, "माई, बाबांचे पैसे दहाला येतील." दहाला यायचेच. मला त्याचा कधी राग आला नाही. दुसऱ्या एकाने न विचारता चौथा मित्र आणून ठेवला, त्याचा मात्र फार राग आला. तो मुलगा वाईट होता म्हणून नव्हे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणे मालकावर बंधनकारक आहे, आणि उद्या काही झाले असते तर माझ्या घरात कोण राहतो हे मलाच सांगता आले नसते. तो फॉर्म भरायला मी भाडेकरूला बरोबर घेऊनच जाते. मागे चौकशी केल्यासारखे वाटू नये म्हणून.

आता जे लिहिते आहे ते काहींना रुचणार नाही. खोली विचारायला कोणी आले की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "गाव खंयचो?" म्हणजे गाव कुठले. दुसरा आडनावाचा. मग नुस्ते खाता का, एकटी राहणार का, कोण येणार-जाणार. घाटापलीकडचा असेल तर मागून "घाटी" हा शब्द येतोच. मी स्वतः मुंडकाराच्या घरात वाढले, तुच्छतेचा शब्द कानात कसा बसतो ते मला माहीत आहे. ज्यांच्या हातांनी आपल्या भिंतींचे चिरे रचले गेले, जे आपल्या कारखान्यांत रात्रपाळी करतात, त्यांना रात्री पाठ टेकायला जागा देताना आपण आडनाव का तपासतो? घरात सोवळे पाळायचे असेल तर पाळा, पण ते पहिल्या दिवशी तोंडावर सांगा. आमच्याकडे सोमवारी घरात नुस्ते नसते. सध्याचे भाडेकरू कुडाळकडचे जोडपे आहे, ती नर्स. तिला मी हे सांगितले तेव्हा म्हणाली, "आमच्याकडेपण सोमवार असतो, काकी." नसता तरी मी हरकत घेतली नसती. तिचे स्वयंपाकघर वेगळे आहे.

बार्देशात आणि किनाऱ्यालगत तर आणखी एक संकट आहे. माझी भाची म्हापशाला नोकरी करते. जून ते सप्टेंबर तिला खोली सहज मिळते. ऑक्टोबर लागला की मालक म्हणतात, हंगाम सुरू होतो, खोली सोड, पर्यटक एका रात्रीला आठवड्याचे भाडे देतो. दोन वर्षांत तिने तीन जागा बदलल्या. मालकाला मिळकत हवी, हे मी समजू शकते. पण मग जूनमध्ये खोली देतानाच लिहून द्या की ही चार महिन्यांसाठी आहे. पोर नोकरी करताना अचानक रस्त्यावर तरी येणार नाही.

संपादक महोदय, माझी मागणी एकच आहे. आपल्याकडे भाडेकरार नोटरीकडे जातो तो इंग्रजीत. कुंडईचा कामगार त्याखाली सही करतो आणि काय लिहिले आहे ते त्याला माहीत नसते. अनेकदा मालकालाही नसते, कारण तो टंकलेखकाकडच्या जुन्या नमुन्यावर नाव बदलून आलेला असतो. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषा केले आणि सरकारी कामात मराठीच्या वापरालाही जागा दिली. मग भाडेकराराचा, भाडेपावतीचा आणि खोलीतल्या वस्तूंच्या यादीचा साधा नमुना मराठीत आणि कोकणीत छापून प्रत्येक पंचायतीत आणि पालिकेत ठेवायला काय हरकत आहे? घरपट्टी भरायला मालक येतोच, तेव्हा हातात द्यावा. आणि मुंडकार कायद्यात भाडे देणाऱ्याबद्दल काय म्हटले आहे, ती एक ओळ त्या नमुन्यावर ठळक छापावी. माझी खात्री आहे, ती वाचून कित्येक घरांत पावतीपुस्तके येतील.

कुकर घेऊन उभी असलेली ती बाई मला काल बाजारात भेटली. कवळ्याच्या वाटेवर त्यांना जागा मिळाली आहे. डिपॉझिटचे निम्मे पैसे आले, निम्मे नाहीत. मालकाची आई तिची आठवण काढते, असे कोणीतरी तिला सांगितले, त्यावर ती काही बोलली नाही. मी तिला विचारले, नव्या खोलीचे बेसिन बघितलेस का? म्हणाली, अजून नाही. मी तिला तिथेच पिशवीतली वही फाडून कागद दिला आणि म्हटले, आजच घरी गेल्यावर बघ, लिही, आणि मालकांची सही घे.

माझ्या कराराचा मराठी नमुना फुलस्केपच्या दीड पानाचा आहे, पावती आणि वस्तूंची यादी धरून तीन पाने. आपण छापणार असाल तर लगेच पाठवते. त्यावर एखाद्या जाणत्या वकिलांची नजर मात्र आधी फिरवून घ्यावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
फोंडा, गोवा